पसा, वसतिगृह आणि ओळखपत्र : निपाणी-बेळगाव भागातील आधाराची शंभर वर्षे

आमच्या सीमाभागाचा इतिहास लिहायला बसले की लेखणी आपोआप लढायांकडे वळते. कित्तूरची राणी चन्नम्मा आणि १८२४ चा संग्राम, निपाणकर अप्पासाहेब देसाई आणि त्यांचा वाडा, १९२४ चे बेळगावचे काँग्रेस अधिवेशन, १९५६ नंतरचा सीमालढा. हे सारे लिहिले गेले पाहिजे आणि ते पुष्कळ लिहिलेही गेले आहे. पण ज्या घरातला कर्ता पुरुष पटकीत वा प्लेगात गेला, ज्या घरातली बाई पहाटे वखारीत शिरून दिवेलागणीला खोकत बाहेर पडली, ज्या घरातली थोरली मुलगी देवीच्या नावाने सोडली गेली, त्या घरांना कोणी हात दिला? कसा दिला? आणि त्या हातामागे उपकार होता की हक्काची जाणीव होती? या प्रश्नांचा इतिहास मात्र विखुरलेला आहे. थोडा अहवालांत, थोडा कायद्याच्या पुस्तकांत आणि बराचसा लोकांच्या आठवणींत. प्रस्तुत लेखात तो एका सूत्रात ओवण्याचा अल्पसा प्रयत्न आहे.

सूत्र असे की, या भागात गरजू कुटुंबाला मिळालेला आधार तीन अवस्थांतून गेला. आधी पसाभर धान्य होते. मग वसतिगृहाची खोली आली. त्यानंतर कामगाराचे ओळखपत्र आले. पसा देणाऱ्याच्या मर्जीवर मिळतो, खोली पात्रतेवर मिळते आणि ओळखपत्र हक्काने मिळते. प्रवास सरळ रेषेत झाला असे मात्र नाही. आजही एकाच गल्लीत या तिन्ही अवस्था नांदताना दिसतात.

पशाचा काळ

जुन्या गावगाड्यात उपाशी माणसाची सोय नव्हती असे म्हणता येणार नाही. खळ्यावर बलुतेदाराचा वाटा होता, सुगीत दारी आलेल्याला पसा-कुडता होता, मठात आणि देवळात प्रसादाचे जेवण होते, दर्ग्याच्या उरसात सगळ्यांना भात होता. शिकणाऱ्या गरीब मुलासाठी माधुकरी होती, वार लावून जेवण्याची पद्धत होती. बेळगावात अनेक नामवंतांची विद्यार्थिदशा अशीच सात घरच्या सात वारांवर पार पडली.

परंतु या व्यवस्थेला दोन मोठी भोके होती. पहिले जातीचे. माधुकरीची झोळी सगळ्यांच्या खांद्याला शोभत नसे. वार सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात लागे आणि तिथवर पोचण्याचा अधिकार जन्माने ठरे. ज्या मुलाला सर्वांत जास्त भूक होती, त्यालाच ओसरीच्या खाली उभे राहावे लागे. दुसरे भोक दुष्काळाचे. देणाऱ्याच्या कणगीत दाणा असेतोवर पसा चालतो. १८७६-७७ चा दुष्काळ मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागावर कोसळला तेव्हा देणारा आणि घेणारा एकाच रांगेत खडी फोडायला बसले. १८९६ पासून प्लेग इलाखाभर पसरू लागला आणि शेजारी शेजाऱ्याच्या दारात जायला भिऊ लागला. संकट एकट्यादुकट्यावर असेल तर पसा पुरतो. ते सगळ्यांवर आले की पसा संपतो. हा धडा आमच्या पणजोबांच्या पिढीने फार महाग दराने घेतला.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. सीमा या भागाला १९५६ साली नव्याने मिळाली असे आपण समजतो, ते तितकेसे खरे नाही. त्याआधीही निपाणीच्या उत्तरेस चार-सहा मैलांवर एक सीमा होतीच. पलीकडे कागल, म्हणजे कोल्हापूर संस्थानचा मुलूख. अलीकडे निपाणी, म्हणजे इंग्रजी अमलातला बेळगाव जिल्हा. पलीकडचा हुकूम अलीकडे चालत नसे. गरिबी मात्र बैलगाडीत बसून खुशाल इकडून तिकडे जाई. पुढे जे सांगायचे आहे त्यात ही गोष्ट पुन्हा पुन्हा आडवी येणार आहे.

माणगावहून निपाणीला

पलीकडच्या मुलखात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि मग जैन, मुसलमान, लिंगायत अशी एकामागून एक वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. जातवार वसतिगृहे का, असा प्रश्न आज विचारला जातो. पण ज्या समाजात एका पंगतीला बसणेच अशक्य होते, तिथे आधी प्रत्येकाच्या मुलाला डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकरी देणे हीच क्रांती होती. या वसतिगृहांनी माधुकरीचे पहिले भोक बुजवले. मुलाला रोज सात उंबरे झिजवावे लागेनात.

१९२० च्या मार्चमध्ये कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद झाली. अध्यक्षस्थानी तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि शाहू महाराज स्वतः तिथे आले होते, हे सर्वश्रुत आहे. त्यामानाने निपाणीची परिषद आपल्याच लोकांना कमी ठाऊक आहे. १९२५ च्या एप्रिल महिन्यात मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन निपाणीत भरले आणि त्यासाठी बाबासाहेब या तंबाखूच्या गावी आले. त्याआधी जेमतेम नऊ महिने, २० जुलै १९२४ रोजी, मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली होती. तिच्या कामाच्या यादीत वसतिगृहे आणि वाचनालये अग्रभागी होती. १९२५ सालीच सभेने सोलापुरात वसतिगृह काढले.

पुढे १९२८ साली बाबासाहेबांनी दलित वर्ग शिक्षण संस्था काढली आणि मुंबई सरकारच्या साहाय्याने पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे व धारवाड या पाच ठिकाणी विद्यार्थ्यांची सोय झाली. बेळगाव जिल्ह्याच्या दृष्टीने यातले धारवाड फार महत्त्वाचे. त्या वसतिगृहाची धुरा बळवंतराव वराळे यांनी वाहिली. ते बाबासाहेबांच्या निकटच्या सहकाऱ्यांपैकी. दलित घरातल्या मुलाला हायस्कूलच्या गावी राहायला भाड्याने खोली मिळत नसे, त्या काळात या एका इमारतीने किती घरांची दिशा बदलली, याचा हिशेब रुपये-आण्यांत मांडता येणार नाही. एकच दाखला देतो. याच वराळे घराण्यातले न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांचा जन्म १९६२ साली निपाणीत झाला. २०२२ साली ते कर्नाटक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि २०२४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. वसतिगृह सांभाळणाऱ्या आजोबांपासून न्यायासनापर्यंतचे अंतर तीन पिढ्यांचे आहे. कुटुंबाला दिलेल्या खऱ्या आधाराचे फळ असेच तिसऱ्या पिढीत मोजावे लागते. वार्षिक अहवालात ते दिसत नाही.

हुदलीचे सूत

वसतिगृह मुलासाठी होते. त्याच्या आईचे काय? शेतमजुरी संपली की चार महिने घरात बसणाऱ्या बाईच्या हाताला काम नव्हते. या प्रश्नाला बेळगाव भागात एक उत्तर मिळाले ते हुदलीत. कर्नाटकसिंह गंगाधरराव देशपांडे यांचे हे गाव. महात्मा गांधी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते १९२४ च्या डिसेंबरातले बेळगावचे अधिवेशन. त्याच्या उभारणीमागे गंगाधररावच होते. अधिवेशनाचा मंडप उतरला, पण गंगाधररावांनी चरखा उतरू दिला नाही. हुदली खादीचे गाव झाले. १९३७ साली गांधी सेवा संघाची परिषद तिथे भरली तेव्हा गांधीजी स्वतः येऊन राहिले.

खादीचे राजकारण काय व्हायचे ते होवो, आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे. कातणाऱ्या बाईला घर सोडावे लागत नव्हते, मूल पदराखाली ठेवून ती चार पैसे मिळवत होती आणि ते पैसे दान म्हणून नव्हे तर मजुरी म्हणून तिच्या हातात पडत होते. मजुरी तुटपुंजी होती हे कबूल. पण 'मी मागितले नाही, मी मिळवले' असे म्हणण्याची सोय तिने अनेक विधवा आणि टाकलेल्या बायकांना करून दिली. हुदलीची खादी आजही टिकून आहे आणि तिथल्या मागांवर आजही बाया बसतात.

वखारीच्या आतले ऊन

आता निपाणीकडे वळू. वेदगंगेच्या आसपासच्या काळ्या जमिनीत उत्तम विडीचा तंबाखू पिकतो. या पिकाने निपाणीला पैसा दिला, पेठ दिली, दानशूर व्यापारीही दिले. गावाला खेटून असलेल्या अर्जुननगरला देवचंद महाविद्यालय उभे राहिले ते याच पेठेच्या बळावर. (हे अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. निपाणीचे पोर रोज राज्य ओलांडून कॉलेजात जाते आणि दुपारी जेवायला परत कर्नाटकात येते!) पण पैसा ज्या हातांनी चाळून निघत होता ते हात बायकांचे होते.

वखारीतले काम ज्याने पाहिले नाही त्याला ते सांगणे अवघड आहे. वाळलेला पाला कुटायचा, चाळायचा, पाखडायचा, काडी वेगळी आणि जर्दा वेगळा करायचा. हवेत तंबाखूची धूळ अशी की समोरची बाई ओळखू येऊ नये. तोंडाला पदर बांधून आठ-दहा तास उभे राहायचे. त्यात हंगामी काम. आज आहे, उद्या दिवाणजीच्या मनात आले तर नाही. वखारीत येणाऱ्या बायकांत विधवा, परित्यक्ता आणि देवदासी यांचा भरणा मोठा होता, म्हणजे ज्यांच्यामागे बोलणारा कोणी नाही अशा बायका. मालकाला आणि त्याच्या माणसांना हे पुरेपूर ठाऊक असे. याचा फायदा मजुरी दाबण्यासाठी घेतला जाई तसाच त्यांच्या अब्रूवर हात टाकण्यासाठीही घेतला जाई. अनिल अवचटांनी निपाणीच्या वखारींवर लिहिले तेव्हा महाराष्ट्रातल्या वाचकाला प्रथमच कळले की विडीच्या झुरक्यामागे काय काय जळते.

कायदा नव्हता असे नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टातच तंबाखू आणि विडी उद्योगाचे नाव होते. १९६६ साली विडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यात कामाचे तास होते, रजा होती, पाण्याची व धुण्याची सोय होती, बायका ठरावीक संख्येहून अधिक असतील तर तान्ह्या मुलांसाठी पाळणाघरही होते. कायद्याच्या पुस्तकातला पाळणा मात्र कायद्याच्या पुस्तकातच हलत राहिला. कारण साधे आहे. कायदा मागणाऱ्याला मिळतो आणि एकटी बाई मागू शकत नाही.

१९८० च्या सुमारास या बायका एकत्र आल्या. प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने चिकोडी तालुका कामगार महासंघ उभा राहिला. जोशी पुढे निपाणीचे आमदारही झाले. पण महासंघाचे खरे बळ व्यासपीठावर नव्हते, ते वखारीच्या दारात होते. ज्या बाईने कधी दिवाणजीकडे मान वर करून पाहिले नव्हते ती दारात बसून घोषणा देऊ लागली. हजारोंनी बायका संघटित झाल्या, संप झाले, वेतन वाढले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वखारीत त्यांच्याशी बोलण्याची भाषा बदलली. युगांतर या चित्रपटगटाने १९८२ साली या बायकांना घेऊनच त्यांच्या लढ्यावर माहितीपट केला. छाया दातार यांचा निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवरील इंग्रजी ग्रंथ १९८९ साली प्रसिद्ध झाला. आमच्या गावच्या अशिक्षित बायका देशोदेशीच्या अभ्यासकांना धडा शिकवून गेल्या, हे आमच्याच अनेक पदवीधरांना माहीत नाही.

त्याच काळात शेतकरीही उठला. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूला भाव मिळावा म्हणून पुणे-बंगळूर महामार्ग अडवून हजारो शेतकऱ्यांनी निपाणीजवळ रस्त्यावरच गाव वसवले. तीन आठवड्यांहून अधिक काळ चुली रस्त्यावर पेटत होत्या. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि बारा शेतकरी मृत्युमुखी पडले. इतिहासाच्या पुस्तकात हा आकडा 'बारा' असा एका शब्दात येतो. घरांच्या हिशेबात मात्र त्या बारा चुली असतात.

ओळखपत्राची किंमत

संघटनेचा एक लाभ फारसा बोलला जात नाही, तो सांगतो. १९७६ साली केंद्र सरकारने विडी कामगार कल्याण निधीचा कायदा केला. योजना शहाणपणाची होती. कारखान्यातून निघणाऱ्या दर हजार विड्यांमागे अल्पसा उपकर घ्यायचा आणि तो पैसा कामगारांच्या दवाखान्यासाठी, क्षयाच्या उपचारासाठी, घरकुलासाठी आणि त्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी वापरायचा. म्हणजे बाईने वळलेल्या विडीतूनच तिच्या घराला आधार. यात सरकारचा उपकार नाही की मालकाचाही नाही.

पण हा लाभ घ्यायचा तर एक कागद हवा. 'ही बाई विडी कामगार आहे' असे सांगणारे ओळखपत्र. घरी बसून टेंभुर्णीची पाने कातरणारी, सुपात तंबाखू घेऊन विड्या वळणारी बाई मालकाच्या हजेरीपटावर नसे. तिला पाने आणि तंबाखू ठेकेदार देई, हिशेब ठेकेदार करी, खराब म्हणून छाट काढून तिच्या मजुरीतले पैसे कापणाराही तोच. मालक म्हणे, ही माझी कामगार नव्हे. ठेकेदार म्हणे, मी मालक नव्हे. मग ती कोणाची? संघटना नसेल तिथे या प्रश्नाचे उत्तर 'कोणाचीच नाही' असे होते. संघटना असेल तिथे बायका घोळक्याने कचेरीत जाऊन बसत आणि कार्ड घेऊनच उठत.

प्रस्तुत लेखकाचे आयुष्य शाळेत गेले आहे. विडी कामगारांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जांवर वर्षानुवर्षे सह्या करताना एक गोष्ट मनात पक्की बसली. रक्कम फार मोठी नसते. पण आठवीत शाळा सोडून आईबरोबर सुपापाशी बसू पाहणारी मुलगी, त्या रकमेमुळे वर्षभर थांबते. एक वर्ष थांबली की दुसरे वर्ष थांबते. मग ती एस.एस.एल.सी.पर्यंत येते. विडी वळण्यात तरबेज असलेली बोटे लेखणी धरतात तेव्हा अक्षर काय देखणे येते म्हणून सांगू!

२०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर रद्द झाला. योजना बंद झाल्या नाहीत, पण त्यांचा हक्काचा झरा आटला आणि त्या सरकारच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकावर अवलंबून राहिल्या. बाईच्या स्वतःच्या कष्टातून येणारा पैसा आता सरकारी तिजोरीतून येऊ लागला. फरक बारीक वाटेल, पण तो 'माझे' आणि 'त्यांनी दिलेले' यांतला फरक आहे.

यल्लमाच्या वाटेवर थांबणारे कायदे

सौंदत्तीच्या यल्लमाला सीमा नाही. मार्गशीर्षातल्या आणि माघातल्या पौर्णिमेला कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्या निपाणी, संकेश्वरवरून डोंगराकडे जात आल्या आहेत. देवीच्या नावाने मुली सोडण्याची चालही अशीच सीमेपलीकडून अलीकडे, अलीकडून पलीकडे चालत होती. कायदे मात्र आपापल्या हद्दीत थांबत. शाहू महाराजांनी १९२० साली संस्थानात जोगतिणी-मुरळ्यांची चाल बंद करण्यासाठी कायदा केला. तो कागलच्या हद्दीवर थांबला. मुंबई इलाख्याचा कायदा १९३४ साली आला. तो संस्थानच्या हद्दीवर थांबला. कर्नाटकाने १९८२ साली कायदा केला. त्याचा भर शिक्षेवर होता आणि मुलगी सोडणाऱ्या आईबापांना तर अधिक कडक शिक्षा होती. महाराष्ट्राचा पुनर्वसनाचा विचार करणारा नवा कायदा यायला २००६ साल उजाडले. शहाऐंशी वर्षांत चार कायदे, आणि एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळलेली नाही.

सीमा ओलांडली ती चळवळीने. डॉ. बाबा आढाव यांच्या महात्मा फुले समता प्रतिष्ठानच्या पुढाकाराने १९७५ साली गडहिंग्लजला देवदासी परिषद झाली. प्रा. विठ्ठल बन्ने यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्या भागात हे काम पुढे नेले. गडहिंग्लज महाराष्ट्रात आणि संकेश्वर कर्नाटकात, पण बाजार एक, सोयरीक एक, दुःख एक. कार्यकर्त्यांनी नकाशा पाहिला नाही.

अलीकडच्या बाजूला १९९० च्या सुमारास कर्नाटक राज्य महिला विकास महामंडळ आणि मायराडा ही संस्था यांनी बेळगाव जिल्ह्यात देवदासींच्या पुनर्वसनाचे काम हाती घेतले. त्यातूनच १९९७ साली 'महिला अभिवृद्धी मत्तु संरक्षण संस्थे', म्हणजे 'मास', ही संस्था घटप्रभा येथे उभी राहिली. या संस्थेचे वैशिष्ट्य असे की ती देवदासींसाठी कोणी काढलेली नाही; पूर्वाश्रमीच्या देवदासींनीच ती चालवली. ज्यांच्या गळ्यात मोती बांधले गेले होते त्याच बायका गावोगाव जाऊन दुसऱ्या मुलीच्या गळ्यात मोती बांधू देईनात. त्यांनी बचत गट बांधले, पेन्शनसाठी कचेऱ्या धुंडाळल्या, मुलांना शाळेत घातले. या कामात आयुष्य घालवलेल्या सीतव्वा जोडट्टी लहानपणी स्वतः देवीला सोडल्या गेल्या होत्या. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. राष्ट्रपती भवनातल्या त्या गालिच्यावरून बेळगाव जिल्ह्याची एक पूर्वाश्रमीची देवदासी चालत गेली, ही घटना आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात लढाई जिंकल्याइतकीच मोठी आहे.

कर्नाटक सरकारच्या १९९३-९४ च्या पाहणीत राज्यात २२,८७३ देवदासी आढळल्या. २००७-०८ मध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हा एकूण आकडा ४६,६६० वर गेला. याचा अर्थ चाल वाढली असा नव्हे. पहिल्या वेळी ज्या पुढे आल्या नव्हत्या त्या दुसऱ्या वेळी नाव सांगायला धजल्या, असाही त्याचा अर्थ होतो. मोजणीत येण्यासाठीही धीर लागतो.

आणि त्यांच्या मुलांचे? शाळेच्या प्रवेश-नोंदवहीत 'वडिलांचे नाव' असा एक रकाना असतो. आम्हा शिक्षकांना तो एक रकाना; त्या मुलाच्या आईला तो आडवा केलेला बांबू. कोणी मामाचे नाव सांगते, कोणी देवाचे, कोणी काहीच न बोलता खाली पाहत राहते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कर्नाटक विधिमंडळाने देवदासींविषयी नवे विधेयक संमत केले, त्यात वडिलांचे नाव सांगण्याची सक्ती या मुलांवर असू नये अशी तरतूद आहे. पैशाची मदत करणे सोपे असते. हा रकाना मोकळा ठेवू देण्याएवढे शहाणपण यायला मात्र स्वातंत्र्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली.

दोन राज्यांमधले घर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. त्याच वर्षीच्या जानेवारीत या प्रश्नावर झालेल्या गोळीबारात बेळगावच्या तरुणांबरोबर निपाणीच्या कमळाबाई मोहिते हुतात्मा झाल्या. सीमाप्रश्न २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याची चर्चा या लेखाचा विषय नाही. पण गरजू घराला या रेषेचा काय अनुभव येतो, तो विषय आहे.

कल्पना करा, एका आईच्या दोन लेकी. एक निपाणीत दिलेली, दुसरी कागलात. कर्नाटकाने २०२३ साली गृहलक्ष्मी योजना सुरू केली, घरातल्या कर्त्या बाईला महिना दोन हजार. महाराष्ट्राने २०२४ साली लाडकी बहीण योजना आणली, महिना दीड हजार. निपाणीची लेक २०२३ च्या जूनपासून कर्नाटकाच्या एस.टी.त फुकट बसू लागली, पण आईला भेटायला कोल्हापूरची गाडी धरली की तिकीट लागे. आजार मात्र दोघींचा सारखा, आणि मोठ्या दवाखान्याचे गाव दोघींना कोल्हापूरच जवळचे. म्हणून २०२३ साली महाराष्ट्र सरकारने आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. कर्नाटकाने त्यावर आक्षेप घेतला. दोन्ही सरकारांच्या बाजू असतील, त्या त्यांनी मांडाव्यात. पण छातीत कळ आलेल्या म्हाताऱ्याला प्रथम कागद विचारायचा की नाडी पाहायची, याचे उत्तर कोणत्याही भाषेत एकच आहे.

दोन राज्ये आपल्यासाठी भांडतात याचा लाभ दोन्हीकडून होतो असे दुरून पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात गरीब घर दोन्ही खिडक्यांवर उभे राहते आणि प्रत्येक खिडकीवर त्याला दुसऱ्या खिडकीचा कागद मागितला जातो. अर्जाचा कागद कन्नडात, शाळेचा दाखला मराठीत, आणि भरून देणारा दलाल दोन्ही भाषांत पैसे घेतो. अशा वेळी गल्लीतल्या शिकलेल्या मुलीने ओट्यावर बसून शेजारणीचा अर्ज भरून देणे, ही आजच्या काळातली सर्वांत मोठी समाजसेवा आहे असे मी मानतो.

हिशेब

शंभर वर्षांचा हा आढावा घेताना तीन गोष्टी ठळक दिसतात. जी मदत वरून आली ती आकड्यांत मोठी होती, पण देणारा बदलला की ती आटली. जी मदत गरजवंतांच्या स्वतःच्या संघटनेतून आली ती रुपयांत लहान होती, पण टिकली आणि तिने माणसाची मान वर केली. आणि जी कामे खरोखर यशस्वी झाली, ती माणगाव-निपाणीची परिषद असो, गडहिंग्लजची चळवळ असो, घटप्रभेचे काम असो, त्यांनी राज्याची, जातीची वा भाषेची एक तरी रेषा ओलांडलेली आहे. 'मास'चे नाव कन्नड आहे, महासंघाचे मराठी आहे, बायकांचे अश्रू आणि हसू यांना मात्र भाषांतर लागले नाही.

आता काळ बदलतो आहे. विडीचे दिवस सरत चालले आहेत, आणि ते सरावेत हेच आरोग्याच्या दृष्टीने योग्य. परंतु १९८० साली वखारीच्या दारात घोषणा देणाऱ्या तरुण बायका आता सत्तरीच्या घरात आहेत. ज्यांच्या फुप्फुसात चाळीस वर्षांची तंबाखूची धूळ आहे आणि ज्यांच्याकडे घरात जपून ठेवलेले एक जुने ओळखपत्र आहे, त्यांच्या म्हातारपणाची सोय कोणत्या योजनेत बसते? ज्यांच्याकडे तेही नाही त्यांचे काय? निपाणी आता स्वतंत्र तालुका झाली आहे. कचेरी दाराशी आली आहे. या बायकांची गल्लीवार यादी करणे, प्रत्येकीची पेन्शन आणि औषधपाणी तपासणे, हे काम एखाद्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेला एका दिवाळीच्या सुट्टीत करता येण्याजोगे आहे. अर्जुननगरची मुले आणि निपाणीची मुले मिळून करतील तर आणखी चांगले.

दिवाळीत आपण वसुबारसेला गाईची आणि पाडव्याला वहीची पूजा करतो. ज्या हातांनी हे गाव श्रीमंत केले त्यांच्या नावांची एक वही यंदाच्या पाडव्याला घालायला काय हरकत आहे?